‘तो’ येईपर्यंत

निशिकांत देवस्थळी घाबरण्याचं काम करत असे, आणि ते चांगलं करत असे. सिंगापूरमधल्या एका विमा कंपनीत तो टेस्टिंग मॅनेजर होता. बाकीचे लोक प्रोग्रॅम लिहीत. तो प्रोग्रॅम कुठे, कसा आणि कोणत्या तारखेला कोसळेल हे निशिकांतने आधीच मनात पाहून ठेवायचं. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला ग्राहक, आडनावच नसलेला ग्राहक, स्वतःच्याच पत्नीचा वारस म्हणून स्वतःच्याच मुलाचं नाव दोनदा लिहिणारा ग्राहक. असे लोक जगात आहेत की नाहीत हे इतरांना ठाऊक नसे, निशिकांत मात्र रोज आठ तास त्यांच्या सहवासात असे. कंपनी दरवर्षी त्याला ‘काळजीपूर्वक’ असा शेरा देई.

घरी याच गुणाला दुसरं नाव होतं. त्याची चौदा वर्षांची मुलगी किमया सेरंगूनच्या शाळेत वाढलेली. ती म्हणायची, "बाबा, यू आर सो कानचोंग, लाह!" कानचोंग म्हणजे उगाचच धास्तावलेला. निशिकांतला बरेच दिवस वाटत होतं की ती त्याच्या कानांबद्दल बोलतेय. त्याने एकदा डॉक्टरकडे जाऊन कान तपासूनही आणले. कान उत्तम होते.

पुण्याहून येऊन अकरा वर्षं झाली तरी त्याला लिफ्टची भीती होती, विजेची होती, एम्प्लॉयमेंट पासच्या नूतनीकरणाची तर वर्षातून बारा महिने होती. पुण्याहून भलत्या वेळी फोन वाजला की तो उचलायच्या आधीच खुर्चीवर बसून घेई. पण ही सगळी भीती म्हणजे घरातल्या जुन्या फर्निचरसारखी. तिला वळसा घालून माणूस चालायला शिकतो. खरी भीती एकच होती आणि ती तीन वर्षांची होती.

२०१३च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, तो आणि त्याची बायको मीनल ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरत होते. हातात हात होता. लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या मराठी जोडप्याने हातात हात घ्यायला परदेशातला समुद्रकिनाराच लागतो, तसा तो होता. मागून घंटी वाजली, कोणीतरी ओरडलं. निशिकांतने वळून पाहिलं तर दोघांनी चालवायची एक भाड्याची लांबलचक सायकल, दोघांपैकी एकालाही न आवरता, त्यांच्यावर येत होती. निशिकांतने उडी मारली आणि हिरवळीवर सुखरूप पोहोचला. तिथे पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की हातात हात नाहीये.

मीनलचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लेट बसली, सहा स्क्रू लागले. हॉस्पिटलच्या बाकावर, हात झोळीत, ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "तू सरकलास."

बस्स. ना राग, ना रडणं. बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं. निशिकांतने उत्तरादाखल घाईने बऱ्याच गोष्टी सांगितल्या. हात धरून उडी मारायला किती जास्त वेळ लागला असता, वगैरे. सगळं तर्कशुद्ध होतं. त्यानंतर मीनलने तो विषय कधीच काढला नाही. पण त्या दिवसापासून देवस्थळ्यांच्या घरातून ‘सरकणे’ हे क्रियापद नाहीसं झालं. सोफ्यावर जागा हवी असली तर मीनल म्हणे, "जरा जागा कर." खुर्ची पुढे ‘घेतली’ जाई, कपाट मागे ‘लोटलं’ जाई. एवढ्या मोठ्या भाषेत एका क्रियापदावाचून काही अडत नाही. फक्त ते कुठे कुठे नाहीये हे निशिकांतला दिवसभर ऐकू येत राही. आणि दुसऱ्यांदा तशी वेळ आली तर आपण पुन्हा सरकणार, याची त्याला खात्री होती. असल्या खात्र्या करून घेण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

मनगट बरं झालं, पण त्यात जोर येईना. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, काठी धरून फिरवण्याचा काहीतरी व्यायाम करा. ऑक्टोबर २०१५मध्ये मीनल तोआ पायोहच्या एका कम्युनिटी हॉलमधून पत्रक घेऊन आली. जपानी युद्धकला, आखूड काठी विरुद्ध तलवार, शनिवारी तीन ते पाच, वयाची अट नाही.

"तुझंही नाव दिलंय," ती म्हणाली.

"माझं? मला काय झालंय?"

मीनलने त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी निशिकांतने पांढरा सदरा विकत आणला.

काठी आखूड म्हणजे तशी काही फार आखूड नव्हे, चार फुटांहून थोडी जास्त. जाडी इंचभर, ओकचं लाकूड. तिला धार नाही, टोक नाही, मूठ नाही. पुढचं कोणतं नि मागचं कोणतं हेही ती सांगत नाही. समोरचा तलवार घेऊन येतो आणि आपण हे घेऊन उभं राहायचं. शिकवणारे क्वेक सर सत्तरीचे होते, बसखात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी काठी उंच धरून सांगितलं, "धिस वन कॉल्ड जो."

निशिकांत ऐकत उभा राहिला.

"जो," क्वेक सर पुन्हा म्हणाले.

निशिकांत अजूनही ऐकत होता. मराठी माणसाला ‘जो’ म्हटल्यावर थांबता येत नाही. जो काय? जो कोण? वाक्य उघडलंय, ते मिटायला कुठेतरी ‘तो’ यायला हवा. तो न आल्याने त्याच्या छातीत उगाच धडधडायला लागलं. मग सरांनी दुसऱ्या हाताने लाकडी तलवार उचलली. "अँड धिस वन, बोकुतो."

निशिकांतने सुटकेचा निःश्वास टाकला. मीनल फस्सकन हसली. घरी जाताना तिने वाटणी करून टाकली. "तू जो, मी तो."

"अगं, तू ‘ती’."

"तलवार हातात आली की ‘तो’च."

सरांनी नवरा-बायकोची जोडी लावली त्याला कारण होतं. वर्गातल्या बाकीच्यांना समोरच्याच्या डोक्यावर मनापासून तलवार हाणायला संकोच वाटे. मीनलला वाटत नव्हता.

पहिला डाव, ज्याला ते काता म्हणत, दिसायला सोपा होता. काठी टेकून, फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखं उभं राहायचं. समोरचा चालत येतो, तलवार वर उचलतो आणि थेट कपाळावर आणतो. आपण अगदी शेवटच्या क्षणी पाऊलभर तिरकं व्हायचं आणि काठी त्याच्या मनगटावर आणून थांबवायची. उजव्या मनगटावर. निशिकांतला वाटलं की जपानात शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी खास त्याच्यासाठी हा डाव बसवून ठेवलाय.

मीनलने तलवार उचलली रे उचलली की तो बाजूला झालेला असे. मग ती थांबून, दिशा बदलून, शांतपणे तलवार त्याच्या नव्या जागेवर आणे.

"टू अर्ली!" क्वेक सर ओरडत. "यू मूव्ह अर्ली, शी फॉलो यू, फिनिश! वेट! व्हाय सो स्केअर्ड? युवर वाइफ, व्हॉट!"

"दॅट इज व्हाय, सर," निशिकांत म्हणाला. वर्ग हसला. मीनल हसली नाही, ती तलवार सरळ करत होती.

पण सरांच्या त्या ‘टू अर्ली’ने त्याला रात्री जागं ठेवलं. सरांचं म्हणणं असं होतं की बाजूला व्हायचं असतंच. त्यात काही पाप नाही. पाप आहे ते वेळेआधी होण्यात. म्हणजे ईस्ट कोस्टला तो चुकला होता तो सरकण्यात नव्हे, घाईत. त्याने हा मुद्दा मीनलपुढे मांडायचा विचार केला आणि मग, इतर अनेक विचारांप्रमाणे, भीतीपोटी सोडून दिला.

खरं तर त्याला त्या काठीचीच भीती वाटे, आणि तिच्या प्रवासाची. सेरंगूनहून बिशानला, तिथे गाडी बदलून तोआ पायोहला. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दर काही मिनिटांनी घोषणा होई की कोणी संशयास्पद व्यक्ती वा वस्तू दिसल्यास कर्मचाऱ्यांना कळवा. निशिकांत लांब कापडी पिशवी मांडीवर आडवी घेऊन बसे आणि डब्यात असा दुसरा कोणी दिसतोय का ते बघे. कोणीच नसे. त्याने क्वेक सरांकडून शिक्का मारलेलं पत्र घेतलं, लॅमिनेट केलं, आणि क्लासच्या पावतीसह पिशवीत ठेवलं. डिसेंबरात बिशानला एका तरुण पोलिसाने खरोखरच थांबवलं.

"व्हॉट्स इनसाइड, सर?"

"जो."

"जो हू?"

"नो, नो. इट इज जो."

"यू आर जो?"

"आय अॅम निशिकांत."

"देन हू इज जो?"

प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने रास्त होता. घामाघूम झालेल्या निशिकांतने पत्र, पावती, पास आणि, का कोण जाणे, विम्याचं कार्ड काढून दाखवलं. पोलिसाने पिशवीत डोकावलं. "ओह. वॉकिंग स्टिक, आह?" म्हणाला आणि गेला. मीनल दोन पावलांवर उभी होती, खांद्याला तलवारीची पिशवी. तिला कोणी काही विचारलं नाही.

जानेवारीत तोडगा निघाला, आणि तो मीनलने काढला. तलवार उचलताना ती हळूच म्हणाली, "जो..." आणि खाली आणताना, "तो!" निशिकांत ‘तो’वर हलला. अगदी बिनचूक. क्वेक सरांनी टाळ्या वाजवल्या. जे आठ वर्षांच्या बौद्धिक प्रयत्नाने साधलं नसतं ते शाळेतल्या व्याकरणाने साधलं. ‘जो’ ऐकला की निशिकांतच्या पायांना कळे की वाक्य अर्धं आहे, अजून यायचंय. आणि ‘तो’ येईपर्यंत ते जमिनीला चिकटून राहत. भीती कमी झाली नव्हती. ती फक्त रांगेत उभी राहायला शिकली होती. सर समजले की ही काहीतरी इंडियन मोजणी असावी.

एप्रिलमध्ये गुढीपाडवा आला. सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये बांबू असतो, पण तो खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचा. "ज्या काठीवर चड्ड्या वाळतात तिच्यावर गुढी उभारू?" मीनल म्हणाली आणि तिने कोपऱ्यातला जो उचलला. त्याला रेशमी खण बांधला, कडुनिंब बांधला, वर तांब्या पालथा घातला, हळदकुंकू वाहिलं. शस्त्राचा असा उपयोग नियमात बसतो का, या चिंतेत निशिकांतने दिवस काढला. हळद धुतली गेली. कुंकवाचा डाग ओकमध्ये मुरला तो मुरलाच.

आणि मेच्या अखेरीस क्वेक सरांनी सांगितलं, जूनमध्ये जपानहून परीक्षक येणार, सगळ्यांनी परीक्षा द्यायची. "एक्झाम टाइम नो टॉकिंग, आह. यू टू. नो काउंटिंग."

त्या शनिवारी त्यांनी न बोलता करून पाहिलं. मीनलने तलवार उचलली, निशिकांत सरकला. पुन्हा. पुन्हा. घरी दिवाणखान्यात टीपॉय बाजूला लावून वीस वेळा केलं. वीसही वेळा तलवार अजून वरच होती आणि निशिकांत टीव्हीजवळ पोहोचलेला. विसाव्या खेपेला मीनलने तलवार खाली केली.

"नको देऊ परीक्षा," ती म्हणाली.

त्या आवाजात काहीच नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावर होतं तेवढंच.

"देतो," निशिकांत म्हणाला.

या परीक्षेत पास झालं तर पट्टा मिळत नाही, बिल्ला मिळत नाही. एक कागद मिळतो, तोही जपानीत. कागदाचा प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की मीनल समोरून चालत येणार आणि सगळ्या लोकांदेखत त्याला पुन्हा एकदा सरकताना बघणार. आधीचे पंधरा दिवस त्याला जेवण जाईना. ऑफिसात त्याने एका निर्दोष प्रोग्रॅममध्ये चाळीस चुका काढल्या.

परीक्षा रविवारी सकाळी होती. बॅडमिंटनच्या रेघा आखलेला हॉल, वर फिरणारे मोठे पंखे, टेबलामागे तीन परीक्षक. मधले वृद्ध गृहस्थ प्रत्येकाची काठी हातात घेऊन, कुठे कुसळ निघालंय का ते बोटांनी चाचपून बघत होते. निशिकांतच्या काठीवर त्यांचा अंगठा थांबला. लाल डागाकडे बघून ते म्हणाले, "ब्लड?"

"फेस्टिव्हल, सर," निशिकांत म्हणाला. आवाज किमयाच्या वयाचा आला.

वृद्धाने डागाकडे पुन्हा पाहिलं, काठीला किंचित मान लववली आणि ती परत दिली. हे निशिकांतला आणखीच भीतीदायक वाटलं.

मग तो जागेवर गेला. काठी टेकली. तळव्याला इतका घाम होता की काठी आपणहून खाली उतरते की काय असं वाटत होतं. समोर, हॉलच्या त्या टोकाला, मीनल. पांढरा सदरा, केस घट्ट मागे बांधलेले, उजव्या बाहीखालून मनगटावरच्या व्रणाचं टोक दिसत होतं. तिने नमस्कार केला, त्याने केला. ती निघाली.

बायको आपल्याकडे चालत येते आहे हे दृश्य निशिकांतने बावीस वर्षांत हजारदा पाहिलं होतं. ती अशी चालत येताना त्याने कधी पाहिली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. पोटऱ्या आपोआप आखडल्या; डावीकडे हिरवी लादी मोकळी होती आणि ती त्याला हाका मारत होती. आता सरकणार, हे त्याला कळलं, जसं शिंक येणार हे कळतं तसं.

मीनलने तलवार उचलली. आणि पाच महिन्यांच्या सवयीने तिच्या ओठांतून, पंख्याच्या आवाजाखाली, निसटलं, "जो..."

लगेच तिला आठवलं. तिने तोंड मिटलं.

निशिकांतच्या पायांनी ‘जो’ ऐकला होता. ते थांबले. तलवार शिखरावर होती, मग ती निघाली, आणि निशिकांत वाट बघत होता. एवढी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. लाकडाची कड मोठी होत होती, त्यामागे मीनलचे डोळे मोठे होत होते. अंगातली प्रत्येक गोष्ट त्याला पळ म्हणत होती. पण वाक्य उघडं होतं. ते असं टाकून जाता येत नव्हतं. ‘तो’ कुठेय? त्याने ऐकायचा प्रयत्न केला. पंखा फिरत होता.

ठक्.

हॉलभर ऐकू गेलं. मीनलने त्याच शेवटच्या क्षणी, त्याच मनगटावर सगळा भार घेऊन तलवार आवरली होती. आवरली नसती तर नुसतं ठक् झालं नसतं. कपाळाच्या मधोमध लागलं. निशिकांत जिथे होता तिथे, काठी टेकून, पेन्शनरासारखा उभा होता. मग उशिरा का होईना, त्याने तिरकं पाऊल टाकलं, काठी उचलली आणि तिच्या मनगटापासून इंचभर अंतरावर आणून थांबवली.

वृद्ध परीक्षक बराच वेळ जपानीत बोलले. क्वेक सरांनी भाषांतर केलं.

"ही से स्पिरिट व्हेरी गुड. बट मस्ट मूव्ह." मग त्यांनी स्वतःच्या वतीने भर घातली, "आयो, निशी! एट मंथ आय टेल यू डोन्ट मूव्ह, डोन्ट मूव्ह. टुडे यू रिअली डोन्ट मूव्ह!"

निशिकांत नापास झाला. त्या दिवशी नापास झालेला तो एकटाच. मीनलची तलवार, आणि नंतर बाजू बदलून केलेली काठीही, पास झाली.

बाहेर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपुढच्या बाकांवर, ते दोघं बसले. निशिकांतच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. मीनल त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "सरकला नाहीस."

सव्वातीन वर्षांनी ते क्रियापद घरात आलं होतं. निशिकांतला ते तसंच ठेवून घ्यावंसं वाटलं. पण लगेच नेहमीची भीती आली: हिला कधीतरी कळेल. खोट्या हिशोबावर चाललेला प्रोग्रॅम आज ना उद्या कोसळतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"मीनल, एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी काही धीराने वगैरे उभा नव्हतो. तू ‘जो’ म्हणालीस, आणि मग... मी ‘तो’ची वाट बघत होतो."

मीनलने शहाळ्यात स्ट्रॉ खुपसली. एक घोट घेतला. शेजारच्या टेबलावरचं जोडपं भांडत होतं, ते भांडून झालं.

"घाबरला होतास?"

"मरायचाच बाकी होतो."

"आणि उभा होतास."

"होतो. पण अगं, त्याचं कारण..."

"कारण नकोय मला," ती म्हणाली. "कारणं मागच्या वेळी सगळी ऐकलीत."

मग तिने उठून बार्लीच्या सरबताचा एक थंडगार डबा आणला. उजव्या हाताने उचलताना कळ आली असावी, कारण तिने तो हात बदलला. निशिकांतने त्या मनगटाकडे पाहिलं. आजवर तो तिथून नजर काढून घेत असे.

"इकडे कर कपाळ," मीनल म्हणाली आणि डबा टेंगळावर टेकवला.

निशिकांत झटकन मागे सरकला.

"बघ," मीनल म्हणाली.